उंची, छाती आणि महालनोबिस

आज कलकत्त्याला जाऊ या. मॅट्रिक्सचा गुणाकार आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजात घोकला: पहिल्याची आडवी ओळ, दुसऱ्याचा उभा रकाना, जोडीजोडीने गुणा आणि बेरीज करा. पण कशासाठी? त्याचं एक उत्तर कलकत्त्यात सापडतं.

तिथे हा विषय जुना. कलिस या प्राध्यापकांनी कलकत्ता विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांचं मॅट्रिक्सवरचं जाडजूड पुस्तक 1913 साली केंब्रिजहून निघालं. ते होतं गणितज्ञांसाठी. माणसांपर्यंत हा गुणाकार नेला प्रशांतचंद्र महालनोबिसांनी. ते प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. 1920 मध्ये आपल्या नागपूरला सायन्स काँग्रेस भरली, तिथे प्राणिशास्त्रज्ञ ॲनन्डेल यांनी त्यांना कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा अभ्यास करायला सुचवलं. दोन गट एकमेकांपासून किती दूर, हा प्रश्न. त्या काळी वंश मोजण्याचं भारी वेड होतं, आणि मला ते मुळीच रुचत नाही. पण त्यातून निघालेलं गणित अस्सल आहे.

भरतीच्या मैदानावरचं उदाहरण घेतो, ते कोष्टक मी पुष्कळ पाहिलंय. दोन जवान. पहिला उंचीत आणि छातीत, दोन्हीत सरासरीहून एक घर वर: (1, 1). दुसरा उंचीत एक घर वर, छातीत एक घर खाली: (1, −1). साध्या फुटपट्टीने दोघं सरासरीपासून सारखेच दूर. दूरीचा वर्ग 2. पण उंच माणसाची छाती सहसा रुंदच असते, म्हणजे पहिल्यात नवल ते काय? दुसरा मात्र वेगळा.

हे नातं सोयीसाठी 0.6 धरू. मापांच्या मॅट्रिक्सच्या ओळी (1, 0.6) आणि (0.6, 1). तिची व्यस्त मॅट्रिक्स: (1.5625, −0.9375) आणि (−0.9375, 1.5625). दुसऱ्या जवानाचे आकडे तिने गुणले की येतं (2.5, −2.5), ते पुन्हा (1, −1) ने गुणून बेरीज केली की 5. पहिल्याचं त्याच रीतीने येतं 1.25. वर्गात चौपट, म्हणजे अंतरात दुप्पट फरक!

1936 साली महालनोबिसांनी हे अंतर सविस्तर मांडलं, आणि आज जगभर ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. बँकेचे हजारो व्यवहार तपासताना जो चारचौघांत बसत नाही तो हुडकायलाही हेच अंतर वापरता येतं. एकेक आकडा ठाकठीक असतो, विसंगत असते ती जोडी.

दोन मापं असली तर कागदावर भागतं. दहा असली की व्यस्त मॅट्रिक्स काढताना घाम फुटतो. महालनोबिसांनी 1931 मध्ये उभ्या केलेल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये 1953 साली समरेंद्र कुमार मित्र यांनी एक इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधलं. त्याचं काम एकच: दहा अज्ञातांची दहा समीकरणं सोडवणं.