आजोबांची कुऱ्हाड

परवा आजोबांच्या कुऱ्हाडीचं पातं घासून लख्ख केलं आणि पस्तावलो. इतक्या वर्षांचा काळपटपणा तासाभरात गेला! मग ते आधी व्हिनेगरमध्ये आणि नंतर कडक कोऱ्या चहात बुडवून ठेवलं. व्हिनेगरनं लोखंड थोडं विरघळतं, चहातलं टॅनिन त्याला काळं करतं. युक्ती जुनीच. आपले रंगारी हिरडा आणि हिराकस वापरून कापड काळं करत. युरोपात मायफळ आणि हिराकस यांची शाई चाले. चौथ्या शतकातलं 'कोडेक्स सिनायटिकस' हे ग्रीक बायबल मुख्यतः अशाच शाईत लिहिलंय. (प्रमाण बिघडलं तर हीच शाई पुढे कागद खाते.) असो. पातं छान काळं झालं. आईनं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. म्हणाली, "ही अण्णांची नाही वाटत रे."