तार्किक खंड व्यवस्थापन व जालीय संचय साधने

तार्किक खंड व्यवस्थापन व जालीय संचय साधने : अनेक तबकड्यांतील जागा एकत्र करून तिचे गरजेप्रमाणे लहानमोठे भाग पाडणाऱ्या संगणकीय आज्ञावलीस तार्किक खंड व्यवस्थापक म्हणतात. जालाने जोडलेली दूरची तबकडी या आज्ञावलीने कशी ओळखावी, हा तिच्या इतिहासातील एक चिवट प्रश्न आहे.

आयबीएम कंपनीच्या एआयएक्स या प्रचालन प्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीत (१९९०) असा व्यवस्थापक अंगभूत होता. वेरिटास कंपनीच्या व्हॉल्यूम मॅनेजरचा व्यापारी क्षेत्रात मोठा प्रसार झाला. कंपनीच्या पुणे येथील केंद्रातही त्यावर काम होत असे. लिनक्ससाठी हाइन्ट्स माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये एचपी-यूएक्समधील व्यवस्थापकाच्या धर्तीवर एलव्हीएम लिहिले.

एलव्हीएमच्या दुसऱ्या पिढीत तबकडीच्या पहिल्या चार सेक्टरांपैकी एकात तिची खूण व अनन्य क्रमांक लिहिलेला असतो. परंतु ही खूण वाचण्यापूर्वी आज्ञावली साधनाच्या चालकाचे कर्नलमध्ये नोंदलेले नाव पाहते. ते आपल्या यादीत नसेल, तर साधनाकडे ती ढुंकूनही पाहत नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कळमनुरी तालुक्याची जमीन होती तेथेच राहिली. मात्र परभणीच्या तालुक्यांच्या यादीत तिचा शोध व्यर्थ ठरू लागला. हा प्रकार काहीसा तसाच होय.

म्हणूनच आयस्कझी (मानक २००४) पद्धतीची साधने विनासायास ओळखली गेली. कर्नलमध्ये ती साध्या स्कझी तबकडीच्या ‘एसडी’ या नावाने अवतरतात. इथरनेटवरून थेट एटीए आदेश वाहणाऱ्या पद्धतीचा चालक लिनक्स २.६.११ मध्ये (२००५) समाविष्ट झाला, पण त्याचे ‘एओई’ हे नाव यादीस अपरिचित होते. तबकडी चालू, तिच्यावरील मजकूर शाबूत, तरीही खंड दिसत नाही, अशी स्थिती उद्भवे. व्यवस्थापकाच्या विन्यास धारिकेत ‘टाइप्स’ या ओळीत चालकाचे नाव व १६ ही विभागांची कमाल संख्या लिहिणे, हा त्यावरील उपाय. उपाय एका ओळीचा असला, तरी तो ठाऊक नसलेल्यास सारी तबकडी नष्ट झाल्यासारखे वाटे.

यादीच काढून टाकावी, हे मत सकृद्दर्शनी पटते. ते मात्र धोक्याचे आहे. जालीय तबकडी एकाच वेळी दोन संगणकांना दिसू शकते. दोघांनीही ती आपली मानून परस्परांच्या नकळत खंडांची नोंद बदलली, तर नोंद व मजकूर दोन्ही बिघडतात. एकच तबकडी दोन मार्गांनी दिसली, तर व्यवस्थापकास ती दोन तबकड्या वाटण्याचा संभव असतो. यासाठी गाळण्या, सामायिक कुलपे व संगणकाची स्वतंत्र ओळख यांची जोड पुढे देण्यात आली.

२०२१ मध्ये एलव्हीएमला साधनांची स्वतंत्र नोंदधारिका मिळाली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या नवव्या आवृत्तीत (२०२२) तीच मूळ पद्धत ठरली. तीनुसार व्यवस्थापकाने स्वहस्ते नोंदविलेली साधनेच वापरात येतात आणि शक्य तेथे ती नावाऐवजी कायम क्रमांकाने ओळखली जातात. ज्या साधनास असा क्रमांक नसतो, त्याच्या बाबतीत आज्ञावलीला पुन्हा नावावरच विसंबावे लागते.