नवमीचा उपवास आणि चरबी

३. नवमीचा निराहार : जांब समर्थ (ता. घनसावंगी, जि. जालना) हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचा जन्म शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ मधील रामनवमीचा. म्हणून येथे या तिथीचे महत्त्व दुहेरी. या दिवशीच्या उपवासाबद्दलचे ‘उपवासाने चरबी झडते’ हे मूळ पाठातील विधान थोडे स्पष्ट करायला हवे. अन्न थांबले की शरीर आधी यकृतात साठवलेली साखर वापरते. हा साठा साधारण दिवसभर पुरतो. तो आटत जातो, रक्तातील इन्सुलिन उतरते, तशी चरबीच्या पेशींतील मेद फुटून मेदाम्ले व ग्लिसरॉल रक्तात येतात. स्नायू व हृदय ही मेदाम्ले प्राणवायूच्या साहाय्याने जाळतात. मेंदूला ती थेट वापरता येत नाहीत. उपवास लांबल्यास यकृत त्यांपासून कीटोन तयार करून मेंदूला पुरवते. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थांतून ४. जळालेली चरबी बहुतांशी कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेली पाणी होते. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. फराळाला खिचडी खाल्ली की इन्सुलिन पुन्हा चढते आणि चरबीचे विघटन मंदावते. मधुमेहींनी निराहारापूर्वी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. — संपा.