त्वचा पाहायला शिकताना

खरूज ज्या सूक्ष्म किड्यामुळे होते, त्याचे चित्र इटलीतल्या बोनोमो आणि चेस्टोनी यांनी १६८७ सालीच छापले होते. तरी पुढची जवळपास दीडशे वर्षे युरोपातले नामवंत डॉक्टर असा किडा आहे की नाही यावरच वाद घालत राहिले. १८१२ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात गालेस यांनी तो सापडल्याचे जाहीर केले. पण त्यांच्या प्रबंधातले चित्र चीजमध्ये होणाऱ्या किड्याशी जुळते असे लक्षात आले आणि संशय आणखीच बळावला. अखेर १८३४ साली त्याच रुग्णालयात सिमॉन फ्रान्स्वा रेनुची नावाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने सर्वांसमक्ष सुईच्या टोकावर किडा काढून दाखवला. तो कॉर्सिका बेटावरचा. तिथल्या गरीब बायका पोरांच्या हातांतून सुईने हे किडे कसे काढतात, ते त्याने पाहिले होते. प्राध्यापक मंडळी पाण्याने भरलेल्या पुळीत किडा शोधत होती. किडा पुळीत नसतोच. त्याने त्वचेच्या वरच्या थरात पोखरलेली बारीक नागमोडी वाट असते, तिच्या टोकाशी तो बसलेला असतो.

ही हकिगत सुरुवातीलाच सांगितली, कारण ती एका विद्यार्थ्याची आहे, आणि तीच वाट तुम्हा विद्यार्थ्यांना आमच्या त्वचारोग विभागाच्या ओपीडीत बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर भिंगाने पाहता येईल. तिची लांबी काही मिलिमीटर. खाजवून खाजवून ती बहुतेकदा मोडलेली असते, म्हणून चिकाटीने शोधावी लागते. एकदा सापडली की रात्री वाढणारी खाज, घरातल्या चौघांना एकाच वेळी झालेला त्रास आणि बाळाच्या तळपायावरच्या पुळ्या यांची संगती आपोआप लागते. मग पर्मेथ्रिन लिहून देताना ‘घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावा, ज्यांना खाज नाही त्यांनीही’ हे वाक्य विसरले जात नाही.

‘स्किनचं पोस्टिंग’ आरामाचे, असा समज एमबीबीएसच्या वर्गांमध्ये वर्षानुवर्षे चालत आला आहे. मेडिसिन आणि सर्जरीच्या मध्ये श्वास घ्यायला मिळालेले काही आठवडे, एवढीच त्याची किंमत. मला हे मनापासून चुकीचे वाटते. तुम्ही पुढे हाडांचे डॉक्टर व्हा, बालरोगतज्ज्ञ व्हा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बसा, त्वचेची तक्रार घेऊन येणारा रुग्ण रोज तुमच्यासमोर असणार आहे. त्याहून मोठे कारण असे, की इतर विभागांत रोग आत दडलेला असतो आणि तपासण्यांचे कागद मध्ये येतात. इथे तो समोर उघडा असतो. तो दिसला नाही, तर दोष फक्त पाहण्याचा. एरवी सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनच्या गर्दीत मागे पडलेली निरीक्षणाची सवय या ओपीडीत अंगी बाणवता येते.

या सवयीचा पहिला नियम: रोगाचे नाव नंतर, वर्णन आधी. व्हिएन्नाच्या प्लेंक यांनी १७७६ साली आणि लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी १८०८ सालच्या ग्रंथात त्वचारोगांची मांडणी दिसणाऱ्या खुणांवरून केली. सपाट डाग, उंचावलेली पुळी, चट्टा, पाण्याचा फोड, पूची पुळी, गांधी, खपली, कोंडा. आज आपण मॅक्यूल, पॅप्यूल, प्लाक, व्हेसिकल म्हणतो ती चौकट तिथूनच आलेली आहे. विद्यार्थी खुर्चीत बसलेला रुग्ण पाहतो आणि लगेच म्हणतो, ‘सर, सोरायसिस.’ मी विचारतो, दिसतेय काय? चट्टा आहे की डाग? कडा स्पष्ट आहे की विरत जाते? कोंडा चंदेरी आहे की पिवळट, तेलकट? कोपर, गुडघे, डोक्याची कातडी, नखे पाहिलीत? या प्रश्नांची उत्तरे नीट आली की नाव बहुधा न सांगता समोर येते. नाव आधी आले, तर त्याला न जुळणारे जे काही असते ते डोळे पाहायचेच सोडून देतात.

गजकर्णाचेच पाहा. पुस्तकातले चित्र सोपे असते: गोल चट्टा, मधे साफ, कडेने उंचावलेला आणि कोंडा सुटलेला. पण आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्किन ओपीडीत बसा, असे चित्र क्वचितच दिसेल. जांघेपासून कमरेपर्यंत पसरलेले, वर्तुळात वर्तुळ असलेले, कडा पुसट झालेले, मधेमधे कातडी पातळ पडून गुलाबी रेघा उमटलेले चट्टे दिसतील. अशा वेळी ‘याआधी काय लावलंत?’ हा प्रश्न पुरत नाही. ‘ट्यूब आणली आहे का?’ असे विचारा. मग प्लास्टिकच्या पिशवीतून शेवटपर्यंत पिळलेली, नाव पुसत चाललेली ट्यूब बाहेर येते. तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली की क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे तीव्र स्टेरॉइड, त्याच्या जोडीला बुरशीविरोधी औषध आणि एखादे अँटिबायोटिक असे मिश्रण सापडते. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र वाढत राहते. म्हणून रुग्ण त्याच ट्यूबकडे पुन्हा पुन्हा वळतो. भारतात गेल्या दशकात गजकर्ण चिवट झाले त्याला ही ट्यूब बऱ्याच अंशी जबाबदार आहे. दुसरे कारण बुरशीतच आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव तिला २०२० साली मिळाले, आणि तिच्या काही प्रकारांवर टर्बिनाफिन नेहमीसारखे काम करत नाही. ओपीडीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर चट्ट्याच्या कडेवरून, मधून नव्हे, थोडा कोंडा खरवडून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाका, काही मिनिटे थांबा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पेशी विरघळून त्यांच्यामधून जाणाऱ्या फांद्याफांद्यांच्या धाग्यांसारख्या तंतूंचे जाळे दिसले की ते पुन्हा विसरणार नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तकांच्या बाबतीत बजावून सांगायला हवी. जगभरातल्या प्रमाण ग्रंथांतली बहुसंख्य छायाचित्रे गोऱ्या कातडीची आहेत. तिथला लालभडक चट्टा आपल्या सावळ्या रुग्णाच्या अंगावर जांभळट, करडा किंवा गडद तपकिरी दिसतो, आणि रोग बरा झाल्यावर मागे राहणारे काळे डाग रुग्णाला मूळ रोगाइतकेच छळतात. लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय विद्यालयात शिकणाऱ्या मलोन मुक्वेंडे या विद्यार्थ्याला हीच उणीव खुपली. २०२० साली त्याने आपल्या शिक्षकांबरोबर काळ्या आणि तपकिरी त्वचेवरील लक्षणांची पुस्तिका काढली. आपल्याकडे हे काम रोज हाताने करता येते. लाली दिसत नसेल तर उलट्या बोटांनी उष्णता पाहा, कडेवरून बोट फिरवून उंची पाहा, आणि रुग्णाला दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी न्या.

जागाही बोलते, आणि आपल्या मातीत ती फार बोलते. गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, भारतात पहिल्यांदा लक्षात आले ते १९५०च्या दशकात पुण्यात. त्याच्या ॲलर्जीने होणाऱ्या त्वचादाहाच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या नोंदीही पुण्यातूनच आल्या. बांधावर काम करणारा पन्नाशीचा शेतकरी चेहरा, मान, कोपराची आणि गुडघ्यामागची खोबण जाड, काळवंडलेली घेऊन येतो. उन्हामुळे होत असेल, असे त्यालाही वाटते आणि तुम्हालाही वाटेल. त्याला डोळे मिटायला सांगा, हनुवटी वर करायला सांगा, कानामागे पाहा. ऊन जिथे पोहोचत नाही अशा वरच्या पापण्या, हनुवटीखालची आणि कानामागची जागा हेही सुजलेले असेल, तर कारण हवेतून उडून येते आहे. असेच टिकलीचे. कपाळाच्या मधोमध टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग बाईला आणि घरच्यांना कोड म्हणून हादरवून सोडतो. बऱ्याचदा टिकलीच्या डिंकातल्या रसायनाने तिथला रंग गेलेला असतो. आपल्या नेसण्याच्या पद्धतीचा आणि रोगाचा संबंध टाटा मेमोरियलमध्ये काम करणाऱ्या डॉ. वि. रा. खानोलकरांनी १९४५ सालच्या लेखात दाखवला: धोतराच्या सततच्या घर्षणाने कमरेवर होणारा कर्करोग. साडीच्या परकराची नाडी जिथे करकचून बांधली जाते तिथेही तो होतो. रुग्णाला कपडे बाजूला करायला सांगण्याचा संकोच वाटला, की असा व्रण सुटून जातो.

नागिणीबद्दल थोडेच. वेटोळे पूर्ण झाले की माणूस जातो ही समजूत खोटी आहे, हे रुग्णाला आणि सोबत आलेल्या सासूबाईंना समजावून सांगा. एका मज्जातंतूच्या पट्ट्यापुरती ती असते आणि सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. औषध पहिल्या बहात्तर तासांत सुरू झाले तर फायदा सर्वांत जास्त, आणि तोच वेळ उतारे करण्यात जातो.

कुष्ठरोगावर मात्र मी थांबणार आहे, कारण आमच्या विभागाच्या दारावर तो आजही नावात आहे, आणि विद्यार्थ्यांना तो संपलेला वाटतो. भारताने दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट २००५च्या अखेरीस गाठले. नवे रुग्ण त्यानंतरही येत राहिले आणि येत आहेत. फिकट, किंचित तांबूस डाग, खाज नाही, दुखणे नाही, म्हणूनच महिनोन्महिने दुर्लक्ष झालेला. तपासणीची पद्धत नीट शिकून घ्या. आधी रुग्णाला डोळे उघडे ठेवून कापसाचे टोक चांगल्या कातडीवर टेकवून दाखवा आणि जिथे जाणवेल तिथे बोट ठेवायला सांगा. मग डोळे मिटायला सांगा. कापूस टेकवायचा, घासायचा नाही. डागावर स्पर्श केला आणि बोट हललेच नाही, किंवा भलतीकडेच गेले, तर थांबून पुन्हा पाहा. गरम आणि गार पाण्याच्या परीक्षानळ्या लावून पाहा, कारण तापमानाची जाणीव बहुधा आधी जाते. चेहऱ्यावरच्या डागात संवेदना शाबूत असू शकते, हे लक्षात असू द्या. मग कोपराच्या आतल्या खोबणीतला अल्नर मज्जातंतू, मानेवरचा ग्रेट ऑरिक्युलर आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूचा कॉमन पेरोनियल चाचपा, दोन्ही बाजूंना. चाचपताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवा. तंतू दुखतो की नाही ते तिथे आधी कळते. दुखरा तंतू म्हणजे हात वाकडा होण्याआधी मिळालेली शेवटची संधी असू शकते.

या तपासणीत तुमचा हात रुग्णाला लागतो, आणि महाराष्ट्रात त्या हाताला मोठा वारसा आहे. मुंबईत वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय १८९० साली सुरू झाले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी, अमरावतीला तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमट्यांनी, गावाने बाहेर काढलेल्या माणसांना जवळ केले. सेवाग्राममध्ये गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींची सेवा स्वतः करत, तेव्हा आज सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा करणारी बहुविध औषधे नव्हती. ती आता फुकट मिळतात. पण समाजाचे घड्याळ हळू चालते: १८९८चा लेपर्स ॲक्ट २०१६ साली रद्द झाला आणि २०१९च्या दुरुस्तीपर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते. पंचविशीतली मुलगी निदान ऐकल्यावर पहिला प्रश्न लग्नाचा का विचारते, ते यावरून समजेल. तिच्याशी बोलायला वेळ काढा, आणि दाराआड बोला. गुप्तरोगाच्या तक्रारी घेऊन सुरक्षा क्लिनिकमध्ये येणाऱ्यांनाही हाच मान द्यायचा आहे.

त्वचारोगाने माणूस मरत नाही, असे कुणी म्हटले तर त्याला आमच्या वॉर्डात घेऊन या. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, को-ट्रायमोक्सॅझोल, ॲलोप्युरिनॉल यांसारखे औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ताप, डोळ्यांची लाली, तोंडात फोड आणि दुखरी, सोलवटणारी कातडी हे एकत्र दिसले तर तासांची घाई असते. औषध त्याच क्षणी थांबवायचे आणि रुग्णाला भाजलेल्याइतक्याच काळजीने भरती करायचे. कातडीवर फोड येणाऱ्या पेम्फिगस या रोगात स्टेरॉइड येण्यापूर्वी बहुतेक रुग्ण दगावत. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या पल्स उपचारपद्धतीने भारतातल्या असंख्य रुग्णांना पुन्हा कामावर जाता आले. बोटाच्या दाबाने कातडी सरकते का, ही निकोल्स्कीची खूण पाहायला शिका. रुग्णाला दुखते, म्हणून एकाच जागी, एकदाच.

या पुस्तकाचे पहिले प्रकरण फक्त खुणांचे आहे, त्यात एकाही रोगाचे नाव नाही. ते पहिल्या दोन दिवसांत ओपीडीत बसूनच वाचावे, वसतिगृहात नव्हे. रुग्णाचे छायाचित्र स्वतःच्या मोबाइलवर काढायचे नाही; विभागाचा कॅमेरा आहे आणि लेखी संमतीचा अर्ज आहे. येताना खिशात भिंग, काचेची एक स्लाइड, थोडा कापूस आणि छोटा टॉर्च असावा. स्लाइड कशाला, तर लाल डागावर दाबून तो विरतो की रक्त बाहेर झिरपल्यामुळे तसाच राहतो, ते पाहायला. ओपीडी दीडच्या सुमारास संपते. त्यानंतर प्रयोगशाळेत थांबा. सकाळी खरवडलेल्या नमुन्यांच्या स्लाइड तेव्हा रेसिडेंट डॉक्टर दाखवतात, आणि सकाळी तुम्ही काय वर्णन लिहिले होते तेही विचारतात.