कोठार आणि गावकूस

सोलापूरहून मंगळवेढ्याला निघालात की वाटेत डोंगर असा आडवा येत नाही. दोन्ही अंगांना काळी सपाट जमीन. आणि हिवाळ्यात गेलात तर नजर पोचेल तिथवर मालदांडी ज्वारी उभी. पाऊस इथे बेभरवशाचा. पण खोल काळी माती परतीच्या पावसाची ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर पीक निघते. या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीचे कोठार हे नाव मात्र मंगळवेढ्याला त्याच्या कितीतरी आधीचे.

पाहुण्याला आधी दाखवतात ते माचणूर. भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे देऊळ आणि जवळच औरंगजेबाचा किल्ला. शेजारच्या ब्रह्मपुरीस बादशहाची छावणी 1695 ते 1699 अशी चांगली चार वर्षे होती. तेथून तो मराठ्यांचे गड घ्यायला निघाला, तो दिल्लीला परतलाच नाही. 1707 त अहमदनगरला वारला. माचणूर जरूर पाहा, पण तेवढ्यावर माघारी फिरू नका.

गावात दामाजीपंतांचे देऊळ आहे. पंधराव्या शतकातले हे बहमनी अंमलदार. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे लोकांना खुली करून दिली. धान्य बादशहाचे, त्यामुळे बिदरहून बोलावणे आले. पुढची कथा तुमच्या ओळखीची आहे : विठोबाने विठू महाराचे रूप घेतले, बिदरला जाऊन धान्याची किंमत भरली आणि पंतांना सोडवले. तिला इतिहासाचा पुरावा मागू नका. पण संकटात देवाने रूप घेतले ते महाराचे, हे या गावाने मनात जपले, एवढे लक्षात ठेवा.

कारण याच गावात, दामाजीपंतांच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, संत चोखामेळा राहत होते. गावकूस म्हणजे गावाची तटभिंत. चोखोबांची वस्ती त्या भिंतीबाहेरची. भिंत बांधायची मात्र त्यांच्यासारख्यांनीच. 1338 साली हे काम चालू असताना कूस कोसळले. खाली मजूर गाडले गेले, त्यांत चोखोबा होते. बादशहाची छावणी कोणत्या साली आली न् गेली, हे बखरकार लिहून ठेवतात, पण त्या दिवशी चोखोबांबरोबर आणखी कोण गेले, त्यांची नावे कोणी टिपली नाहीत हो!

नामदेवांनी ढिगाऱ्यातून अस्थी शोधल्या. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे वारकरी सांगतात. त्या पंढरपूरला नेल्या. मंगळवेढ्याहून पंढरपूर जवळच, तेव्हा तुम्हीही पुढे जालच. चोखोबांची समाधी देवळाच्या महाद्वारासमोर आहे, म्हणजे बाहेर. जिवंतपणी त्यांना आत जाता आले नाही, आणि त्यांच्या लोकांना ते दार उघडले 1947 च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी उपोषण केल्यानंतर.