कायदा, राजसत्ता आणि हिंसा : कॉर्नेलिऊ कोद्रेआनूचा उदय व अस्त

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपातील बहुतेक देशांत फॅसिस्ट पंथाच्या चळवळी निर्माण झाल्या. त्यांपैकी रुमानियातील चळवळ दोन बाबतींत इतरांहून निराळी ठरते. एक तर तिने आपले राजकारण ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्माच्या परिभाषेत मांडले. आणि दुसरे म्हणजे, मृत्यू पत्करणे व मृत्यू घडविणे या दोहोंनाही तिने व्रताचे स्वरूप दिले. या चळवळीचा संस्थापक कॉर्नेलिऊ झेलेआ कोद्रेआनू याच्या उत्कर्षाचे श्रेय सामान्यतः त्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावास दिले जाते. हा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्याच्या कारकिर्दीतील घटनांचा क्रम पाहता असे दिसते की, रुमानियाच्या राज्ययंत्रणेने त्याच्याशी जो व्यवहार केला तो त्याच्या उदयास आणि अस्तासही तितकाच कारणीभूत झाला.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ट्रान्सिल्व्हेनिया, बुकोव्हिना आणि बेसारेबिया हे प्रांत मिळून रुमानियाचा विस्तार व लोकसंख्या ही दोन्ही जवळजवळ दुप्पट झाली. इ. स. १९३० च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लक्ष भरली. तीत चतुर्थांशाहून अधिक लोक रुमानियनेतर होते. ज्यूंचे प्रमाण अवघे चार टक्के असले, तरी मोल्डाव्हियातील शहरांत व्यापार आणि काही व्यवसाय यांत त्यांची संख्या लक्षणीय होती. इ. स. १९२१ च्या जमीनसुधारणेने शेतकऱ्यास जमीन दिली. परंतु भांडवल व बाजारपेठ दिली नाही. खेड्यांतून विश्वविद्यालयांत आलेल्या तरुणांची संख्या वाढत होती आणि त्यांना सामावून घेण्याइतक्या नोकऱ्या उपलब्ध नव्हत्या. अशा वेळी ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर संख्येची मर्यादा घालावी, ही मागणी डिसेंबर १९२२ मध्ये सर्व विश्वविद्यालयांतून उठली; आणि मार्च १९२३ च्या राज्यघटनेने ज्यूंना नागरिकत्व दिले, तेव्हा या असंतोषाला आयतेच लक्ष्य मिळाले.

कोद्रेआनूचा जन्म इ. स. १८९९ मध्ये हुश या मोल्डाव्हियातील गावी झाला. त्याचा पिता शिक्षक व कट्टर राष्ट्रवादी होता. आईचे कूळ जर्मन होते. लष्करी शाळेत शिक्षण घेतल्यानंतर इ. स. १९१९ मध्ये त्याने याश येथील विश्वविद्यालयात कायद्याच्या अभ्यासास प्रारंभ केला. तेथील अर्थशास्त्राचा प्राध्यापक ए. सी. कूझा हा ज्यूद्वेषाचा जुना प्रचारक. त्याच्या शिष्यत्वाखाली ४ मार्च १९२३ रोजी राष्ट्रीय ख्रिस्ती संरक्षण संघाची स्थापना झाली व तिच्या संघटनेचे कार्य कोद्रेआनूकडे आले. त्याच वर्षी मंत्री व ज्यू धनिक यांच्या हत्येचा कट केल्याच्या आरोपावरून तो आणि त्याचे सहकारी पकडले गेले. बुखारेस्टमधील वाकारेश्ती येथील तुरुंगात देवदूतश्रेष्ठ मायकेलची मूर्तिप्रतिमा त्याच्या दृष्टीस पडली; पुढील चळवळीचे नाव तिच्यावरूनच आले. कटाची माहिती देणाऱ्या सहकाऱ्यावर इओन मोत्सा याने तुरुंगातच गोळ्या झाडल्या. ज्यूरीने कटाच्या आरोपातून सर्वांना मुक्त केले. मोत्साही पुढे निर्दोष सुटला.

खरा कसोटीचा प्रसंग याच्याही पुढचा आहे. याशचा पोलीस अधिकारी कॉन्स्टंटिन मान्चू याने इ. स. १९२४ च्या मे महिन्यात कोद्रेआनूस व त्याच्या विद्यार्थी-अनुयायांस अटक करून मारहाण केली होती. २५ ऑक्टोबर १९२४ रोजी कोद्रेआनूने त्यास न्यायालयाच्या आवारातच गोळ्या घालून ठार केले. कृत्य उघड होते आणि ते त्याने नाकारलेही नाही. खटला प्रथम फोकशानी येथे चालावयाचा होता. तेथे ज्यूविरोधी दंगल उसळल्याने तो तुर्नू सेवेरिन येथे हलविण्यात आला. मे १९२५ मध्ये ज्यूरीने त्यास निर्दोष ठरविले. सरकारी अधिकाऱ्याची हत्या करणारा तरुण जयघोषात घरी परतला, आणि पुढील महिन्यात त्याच्या विवाहास हजारो लोक लोटले. राष्ट्राच्या नावाने केलेली हत्या हा गुन्हा नव्हे, हा सिद्धांत कोद्रेआनूने मांडला असेल. परंतु त्यास मान्यतेची मुद्रा न्यायालयाने दिली.

फ्रान्समधील ग्रनोबल येथे काही काळ राहून परतल्यावर त्याचा कूझाशी मतभेद झाला, आणि २४ जून १९२७ रोजी त्याने मोजक्या साथीदारांसह 'देवदूतश्रेष्ठ मायकेलचे लीजन' स्थापन केले. इ. स. १९३० मध्ये त्यास 'आयर्न गार्ड' अर्थात लोहरक्षक दल ही शाखा जोडली गेली आणि पुढे हेच नाव सर्वतोमुखी झाले. संघटनेचा मूळ घटक तीन ते तेरा सभासदांचा असे. त्यास 'घरटे' म्हणत. हिरवा सदरा, प्रार्थना, मृतांचे स्मरण आणि श्रमकार्य ही तिची अंगे होती. रस्ते, पूल, विहिरी व चर्च यांची बांधणी करणाऱ्या श्रमशिबिरांमुळे, निवडणुकीखेरीज पुढाऱ्याचे दर्शन न झालेल्या खेडुतांवर तिचा विलक्षण परिणाम झाला. पांढऱ्या घोड्यावर बसून गावोगाव हिंडणारा कोद्रेआनू त्यांना राजकारणी वाटत नसे. कोणी धर्मपुरुष आला असावा, असेच वाटे. सुशिक्षितांतही ही मोहिनी पसरली. योगविषयक ग्रंथामुळे भारतीय अभ्यासकांस परिचित असलेला आणि कलकत्त्यास सुरेंद्रनाथ दासगुप्तांपाशी शिकलेला मिर्चा एलियादे याने पुढे या चळवळीचा पुरस्कार केला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

इ. स. १९३२ च्या निवडणुकीत लीजनला पार्लमेंटात पाच जागा मिळाल्या. पुढील वर्षी १० डिसेंबर रोजी पंतप्रधान इओन दूका याने आयर्न गार्डवर बंदी घातली व हजारो अनुयायांस अटक केली. २९ डिसेंबर १९३३ रोजी सिनाया येथील रेल्वे स्थानकावर तीन लीजनवाल्यांनी दूकाची हत्या केली. मारेकऱ्यांना जन्मठेप झाली. पण लष्करी न्यायालयाने कोद्रेआनूस मोकळे सोडले. इ. स. १९३६ मध्ये त्याच्यापासून फुटून निघालेला मिहाय स्तेलेस्कू हा रुग्णालयात उपचार घेत असता दहा जणांनी त्यास ठार केले. या काळात दुसरा कारोल राजा चळवळीस चिरडून टाकण्याऐवजी लोकसत्तावादी पक्षांना शह देण्यासाठी तिचा उपयोग करून घेऊ पाहत होता. फेब्रुवारी १९३७ मध्ये, स्पेनमध्ये फ्रँकोच्या बाजूने लढताना मरण पावलेल्या मोत्सा व मारिन यांची अंत्ययात्रा बुखारेस्टमध्ये निघाली, तेव्हा चळवळीचे बळ सर्वांच्या नजरेस आले.

डिसेंबर १९३७ च्या निवडणुकीपूर्वी राष्ट्रीय शेतकरी पक्षाचा नेता यूलिऊ मानिऊ याने कोद्रेआनूशी परस्परांवर हल्ला न करण्याचा करार केला. लोकशाहीचा पाठीराखा आणि तिचा उघड शत्रू यांच्या या हातमिळवणीने मतदारांच्या दृष्टीने शत्रूलाच प्रतिष्ठा मिळाली. आपला विजय झाल्यास अठ्ठेचाळीस तासांत रुमानिया रोम व बर्लिन यांच्याशी मैत्री करील, असे कोद्रेआनूने याच सुमारास जाहीर केले होते. त्याच्या पक्षास १५.५८ टक्के मते व ६६ जागा मिळून तो तिसऱ्या क्रमांकावर आला. राजाने त्यास डावलून कूझा आणि कवी ऑक्टेव्हियन गोगा यांच्या पक्षास सत्ता दिली. हे मंत्रिमंडळ सहा आठवडेच टिकले; परंतु ज्यूंच्या नागरिकत्वाची फेरतपासणी त्याने सुरू केली व तीत सव्वादोन लाख ज्यूंचे नागरिकत्व गेले. अर्थात ज्यूद्वेष ही केवळ लीजनची मिरास नव्हती.

१० फेब्रुवारी १९३८ रोजी कारोलने सर्व सत्ता स्वतःकडे घेतली. कोद्रेआनूने आपला पक्ष विसर्जित करून वाट पाहण्याचे धोरण स्वीकारले. मात्र इतिहासकार नीकोलाए योर्गा याने लीजनच्या व्यापारी उपक्रमांवर टीका केली, तेव्हा त्याने योर्गास अवमानकारक पत्र लिहिले. तेवढ्या निमित्ताने गृहमंत्री आर्मांद कालिनेस्कू याने त्यास पकडले. प्रथम सहा महिन्यांची कैद आणि मे महिन्यात राष्ट्रद्रोहाच्या आरोपाखाली दहा वर्षे सक्तमजुरी झाली. कारोल हिटलरची भेट घेऊन परतल्यानंतर, २९–३० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री, कोद्रेआनू व दूका आणि स्तेलेस्कू यांचे तेरा मारेकरी यांना रिम्निकू सारातच्या तुरुंगातून नेताना वाटेत गळे आवळून ठार करण्यात आले. पळून जात असता त्यांच्यावर गोळ्या झाडाव्या लागल्या, असे सरकारने जाहीर केले.

हे असत्य कोणासही पटले नाही. २१ सप्टेंबर १९३९ रोजी पंतप्रधानपदी असलेल्या कालिनेस्कूची हत्या झाली; तिचा सूड म्हणून सरकारने सुमारे अडीचशे लीजनवाल्यांना खटल्याविना मारले. इ. स. १९४० मध्ये बेसारेबिया व उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया गमावल्यावर कारोलला राज्यत्याग करावा लागला आणि जनरल आन्तोनेस्कू व होरिया सीमा यांच्या सरकारात लीजनला सत्ता मिळाली. नोव्हेंबरमध्ये कोद्रेआनूच्या अस्थी उकरण्याच्या वेळी झिलावाच्या तुरुंगात साठांहून अधिक राजकीय बंद्यांची कत्तल झाली; योर्गाचाही खून झाला. जानेवारी १९४१ मधील बंडात बुखारेस्टचे सुमारे सव्वाशे ज्यू मारले गेले. आन्तोनेस्कूने हे बंड मोडले. पण त्याच्याच राजवटीत, याश शहरात, जून १९४१ मध्ये हजारो ज्यूंचा संहार झाला. त्या राजवटीच्या ताब्यातील प्रदेशांत २,८०,००० ते ३,८०,००० ज्यू मृत्युमुखी पडले, असा निष्कर्ष रुमानियन शासनाने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने इ. स. २००४ मध्ये काढला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. इ. स. १९२५ मध्ये कायद्याने शिक्षा करावयाची, तेव्हा न्यायालयाने ती केली नाही, आणि इ. स. १९३८ मध्ये कैदी कायद्याच्या स्वाधीन असता राज्यसत्तेने कायदाच बाजूस सारला. पहिल्या चुकीने कोद्रेआनूस वीर केले, दुसरीने हुतात्मा. त्याची चळवळ संपली तरी स्मृतिपूजा संपली नाही, म्हणूनच इ. स. २०१५ मध्ये रुमानियास लीजनच्या गौरवास प्रतिबंध करणारा कायदा करावा लागला. खुन्याला निर्दोष ठरविणारे न्यायासन आणि बंद्याचा खून करणारे राज्य ही परस्परविरुद्ध भासली तरी एकाच रोगाची लक्षणे होत. आणि त्या रोगाची किंमत मोजली ती ज्यांचा या दोहोंशी काही संबंध नव्हता अशा लक्षावधी निरपराध नागरिकांनी.