‘गुलाम’ या शब्दाची खूण

‘वाई’ म्हणताच आम्हा मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे कृष्णाकाठचे घाट उभे राहतात. येथे सांगावयाची वाई ही पश्चिम आफ्रिकेतील एक जमात आहे. लायबेरिया व सिएरा लिओन या देशांच्या किनारी भागात तिची वस्ती. तिला स्वतःची लिपी आहे आणि त्या लिपीचा कर्ता आम्हांला नावानिशी ठाऊक आहे : मोमोलू दुवालू बुकेले.

१८४९ साली कोएले नावाचे जर्मन प्रॉटेस्टंट मिशनरी त्याला भेटले. बुकेले पूर्वी किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांकडे चाकरीस होता. दूरगावी आपल्या हातून घडलेले सारे मालकाला नुसती चिठ्ठी पाहून कसे कळते, याचे त्याला नवल वाटे. पुढे १८३३ च्या सुमारास त्याला स्वप्न पडले. एक उंच, भारदस्त गोरा पुरुष पुस्तक घेऊन आला व त्याने अक्षरे दाखविली. सकाळी त्यांतील बरीचशी आठवेनात, तेव्हा मित्रांच्या साहाय्याने त्याने नवी रचली. स्वप्नाविषयी ज्याने त्याने आपले मत करावे. विसरल्याची कबुली मात्र आम्हांला फार खरी वाटते.

या लिपीत एका अक्षरोच्चारास एक खूण. ‘कि’ लिहिताना आम्ही ‘क’ला वेलांटी जोडतो, तेथे ‘कि’ हे एकच अखंड चिन्ह. शिवाय जुन्या हस्तलिखितांत अख्ख्या शब्दासाठी योजलेली काही चिन्हे आढळतात. त्यांपैकी एकाचा उच्चार ‘जोंग’, अर्थ गुलाम. हा शब्द तेथे दुर्मिळ असणे शक्यच नव्हते. लगतच्या गॅलिनास किनाऱ्यावर गुलामांच्या वखारी होत्या. त्या ब्रिटिश आरमाराने १८४० साली उद्ध्वस्त केल्या. कोएले यांनीच फ्रीटाऊन येथे मुक्त गुलामांच्या तोंडून शंभराहून अधिक भाषांचे शब्द टिपले आणि १८५४ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमी लिपीत छापले गेले. भाषेला आपल्या अक्षरांनिशी छापखान्यात शिरकाव मिळणे किती दुरापास्त, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. वाई लिपीच्या वाट्याला संगणक आला. जगातील लिप्यांची जी सामाईक नोंदवही आहे त्या युनिकोडमध्ये एप्रिल २००८ मध्ये तिची ३०० चिन्हे दाखल झाली. तेथे प्रत्येक चिन्हास कायमचा क्रमांक असतो. आमचा ‘क’ २३२५ वर, ऱ्हस्व वेलांटी २३६७ वर. आजच्या वाई लेखनात न लागणारे ‘जोंग’ही वगळले गेले नाही. नकोसा शब्द म्हणून ते गाळले असते, तर जुनी पाने संगणकावर उतरविताना त्या जागी रिकामी चौकट उरली असती.

‘जोंग’चा क्रमांक ४२५२७. त्याच्या अलीकडच्या दोन जागांवर ‘नाव असणे’ आणि ‘लहान असणे’ या अर्थांची चिन्हे आहेत.